जुन्या सदनिकेचा टायटल सर्च : पुण्यातील एका वकिलांच्या सेवेविषयी

कोथरूडमधील एका जुन्या सोसायटीतील सदनिका पसंत पडल्यावर इसार देण्याआधी आम्ही एका वकिलांकडून मालकीहक्काचा शोध करून घेतला. पंधरा हजार रुपये शुल्क सुरुवातीला जड वाटले होते. अहवाल वाचल्यावर तसे वाटले नाही.

दुय्यम निबंधक कार्यालयातील 30 वर्षांच्या नोंदी आणि इंडेक्स टूचे (नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सारांशाचे) उतारे तपासणे हे काम कोणताही वकील करतो. या वकिलांनी त्यापुढे जाऊन प्रत्येक कागद न्यायनिर्णयांच्या कसोटीवर तपासला. मधला एक व्यवहार केवळ साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) व कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद) यांच्या आधारे झाला होता आणि त्याचे खरेदीखत कधीच नोंदवले गेले नव्हते. सूरज लॅम्प प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते, असे स्पष्ट केले आहे. त्याच निकालात मुलाला किंवा पत्नीला दिलेल्या प्रामाणिक मुखत्यारपत्रांना बाधा येत नसल्याचेही म्हटले आहे, हा भेद त्यांनी आम्हाला शांतपणे समजावून सांगितला आणि आमच्या प्रकरणात मूळ मालकाच्या वारसांकडून खरेदीखत करून घेतल्याखेरीज पुढे जाऊ नये, असे लेखी कळवले.

दुसरा मुद्दा पार्किंगचा होता. इमारतीखालील स्टिल्ट पार्किंग आपण बिल्डरकडून पावतीवर विकत घेतले आहे, असे सांगून विक्रेते त्याचे वेगळे तीन लाख मागत होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नहालचंद प्रकरणातील 2010 च्या निकालानुसार महाराष्ट्राच्या 1963 च्या मोफा कायद्याखालील (बिल्डरकडून होणाऱ्या सदनिका विक्रीचे नियमन करणाऱ्या कायद्याखालील) इमारतीत बिल्डरला मोकळे किंवा स्टिल्ट पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही. वकिलांनी सोसायटीने पार्किंगची जागा दिल्याचे वाटपपत्र मागवण्यास सांगितले आणि विक्रेत्यांनी ती रक्कम सोडून दिली. एवढ्यानेच शुल्क अनेक पटींनी भरून निघाले.

उणिवाही सांगायला हव्यात. बारा दिवसांत मिळायचा अहवाल बावीस दिवसांनी मिळाला, त्यामुळे बँकेतील कर्जाचे काम खोळंबले. शिवाय संपूर्ण अहवाल कायद्याच्या इंग्रजीत होता. माझ्या वडिलांना तो वाचून दाखवावा लागला, आणि त्यांच्या पैशांतून घर घेतले जात असताना हे मला बरे वाटले नाही. मराठीत दोन पानांचा गोषवारा जोडण्याची विनंती मी केली असून ती त्यांनी मान्य केली आहे. वारसांचे खरेदीखत नोंदवून झाल्यावर आमचा व्यवहारही याच वकिलांकडून करून घेणार आहोत.