खलनायक कंपनी: एकदाच बरं करणारी की रोज डोस विकणारी?

बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका लेखकाचं सुपरहिरो कॉमिक याच प्रश्नावर अडलंय.

एकदाच बरं करणारीचा हेतू पटतो का? कायमचं बरं केलं की गिऱ्हाईक संपतं. हिपॅटायटिस सी बरं करणारं सोव्हाल्डी हे औषध २०१३ मध्ये आलं, अमेरिकेत गोळीमागे १,००० डॉलर. रुग्ण बरे होत गेले तशी विक्री उतरली. म्हणून ही कंपनी घाईत असते, दुष्परिणाम दडपते. कथानक आपोआप पळतं.

रोजच्या डोसात ताण जास्त, पण नक्कल कोणी का करत नाही? भारतात २०१२ मध्ये सक्तीचा परवाना (पेटंटवाल्याच्या संमतीविना औषध बनवायची सरकारी मुभा) दुसऱ्या कंपनीला देऊन कर्करोगाचं औषध महिना २.८ लाखांवरून ८,८०० रुपयांवर आलंच की! औषध खानापूरच्या जंगलातल्या मुळीपासून बनतं असं दाखवलंत, तर ती कोणीही उपटेल. कच्चा माल नायकाचं रक्तच हवं.

मेहनत दुसऱ्यातच जास्त. एका अंकात संपवायचं तर पहिला. मालिका चालवायची तर दुसरा.