बिलगणारं मूल, पाठ फिरवणारं मूल

असुरक्षित अटॅचमेंटचे, म्हणजे मुलाच्या आईशी असलेल्या डळमळीत भावनिक नात्याचे, दोन प्रकार सतत कानावर येतात: चिंताग्रस्त आणि टाळणारी. दोन्ही नावांचं मूळ मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या अमेरिकेतल्या बाल्टिमोरमधल्या निरीक्षणांत आहे. वर्षभराचं मूल, खेळणी मांडलेली खोली. आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. खरी पारख ती परतल्यावर होते.

चिंताग्रस्त मूल आईला बिलगतं, पण उचलून घेतलं की लाथा झाडतं. रडं काही थांबत नाही. टाळणारं मूल मान वळवून खेळण्यातच रमल्यासारखं दाखवतं. बघणारा म्हणतो, ‘किती शहाणं बाळ!’ हे कौतुक मला धोक्याचं वाटतं. पुढे अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा ते वाढलेले निघाले. शांत होता तो फक्त चेहरा.

पहिल्याला आई कधी जवळ घेते, कधी नाही, म्हणून ते आवाज चढवतं. दुसऱ्याला रडून काही मिळत नाही, हे अनुभवाने कळून चुकलेलं असतं. रडणाऱ्याकडे कुणाचं तरी लक्ष जातंच. माझ्या मते आधी जवळ घ्यावं ते गप्प मूल.

हेझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९८७मध्ये हीच विभागणी मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावली. तिथेही भांडणानंतर ‘मला काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्या जोडीदाराचं ऐकून विषय सोडू नये.