टर्की, गावठी कोंबडा की गिनी: शेजाऱ्यांना कोण चालेल?

टर्की पाळायची म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘ओरडते किती?’ प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच. कोण ओरडतं, कधी आणि कशावरून, हेही विचारलं तर निवड सोपी होते. नाशिकला मखमलाबाद-म्हसरूळकडे बंगल्यामागे दोन-तीन गुंठे मोकळे असोत की गिरणारे रस्त्याला मळ्यात वस्ती असो, अंगणात ठेवण्याजोगे पर्याय साधारण चारच: टर्की, गावठी कोंबड्या, गिनी (ठिपकेदार पिसांची गिनी कोंबडी) आणि बदकं.

टर्कीचा गोंगाट म्हणजे नराचा गोंगाट. मादी दिवसभर बारीक कुरकुर करत चरते, कळपापासून चुकली तर ‘क्याव क्याव’ हाका मारते, आणि हे कुंपणापलीकडे फारसं जात नाही. नर मात्र पाच-सहा महिन्यांचा झाला की मान पुढे ताणून ‘गुलुगुलुगुलु’ असा गडगडाट सोडतो. शांत, मोकळ्या रानात जंगली नराचा हा आवाज दीड किलोमीटरवर पोचतो. एकाने सोडला की बाकीचे नर त्याच क्षणी सूर मिळवतात, म्हणून दोन नर पाळले की त्रास दुप्पट नाही, त्याहून जास्त होतो. फुलून चालताना तो अजून एक आवाज काढतो, छातीतून येणारा खोल ‘ढुम्म’, आणि पंखांची टोकं शहाबादी फरशीवर खरवडत जातात. हे जवळ उभ्या असलेल्यालाच कळतं. मला तरी हा आवाज आवडतो.

नराची खरी खोड वेगळी आहे. तो आवाजाला आवाजाने उत्तर देतो. घंटागाडीचा भोंगा, कुकरची शिट्टी, दार आपटणं, ढग गडगडणं, कुत्र्याचं भुंकणं, काहीही चालतं. त्यामुळे तुमचं घर कुठे आहे यावर तो किती ओरडणार हे ठरतं. देवळाली कॅम्पच्या बाजूला तोफखान्याच्या सरावाचे धमाके ऐकू येतात, ओझरकडे विमानं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षबागांतून पाखरं हाकलायला फटाके वाजतात. नेमका तोच नराचा हंगाम. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने वाढत जातो तसा तो चेव धरतो आणि लग्नसराई संपेपर्यंत काही थंडावत नाही. डीजेच्या वरातीला शेजारी काही बोलणार नाहीत, तुमच्या टर्कीला मात्र बोलतील.

कोंबड्याचं गणित उलटं आहे. तो बाहेरच्या आवाजाची वाट बघत नाही, त्याला आतलं घड्याळ असतं. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की सतत मंद उजेडात ठेवले तरी कोंबडे आपापल्या वेळेला आरवतात, आणि उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधी सुरुवात करतात. कळपात आधी वरच्या मानाचा आरवतो, मग उतरंडीने बाकीचे, हे त्यांनीच पुढे 2015 मध्ये मांडलं. म्हणजे खुराड्यावर गोणपाट टाकून कोंबडा गप्प बसवण्याची युक्ती पोकळ आहे.

टर्कीच्या नराला ती बऱ्यापैकी लागू पडते. रात्री त्याला नीट दिसत नाही, तो दांडीवर निपचित बसून राहतो आणि तोंड उघडतो ते फटफटल्यावर. मार्चमध्ये नाशिकला सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे त्याची पहिली हाक सहानंतरची. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत रात्र म्हणजे 10 ते 6, आणि रहिवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. कोंबडा हमखास या रात्रीत येतो, टर्की बहुतेक दिवसात. मे महिन्यात लवकर उजाडतं तेव्हा खुराडं अंधारं ठेवून सातला उघडलं की झालं. अर्थात रात्री बारा वाजता कोणी फटाक्यांची माळ लावली तर नर दांडीवरूनही जबाब देईल.

गिनीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण सोसायटीत किंवा रो-हाऊसमध्ये राहणाऱ्याने तिचा विचारच करू नये. यात नर-मादी दोघंही ओरडतात. मादी दोन तुकड्यांची हाक देते, नर एकाच तुकड्याची ‘ची ची ची’ लावून धरतो, आणि अनोळखी माणूस, मांजर, साप, हललेली फांदी, सगळ्यावर. रात्री खुट्ट झालं तरी. शिवाय उडून शेजाऱ्याच्या पत्र्यावर बसतात ते वेगळंच. पण बिबट्याची ये-जा असलेल्या मळ्यात, जिथे पुढचं घर दोन शेतं सोडून आहे, तिथे हाच दोष राखणदारीच्या कामी येतो. तिथे मी टर्कीआधी गिनी सुचवीन.

बदकात आवाज मादीचा, नर घसा बसल्यासारखा खरखरतो. अगदीच शांतता हवी असेल तर मस्कोव्ही बदक घ्या, ते जेमतेम फिसफिसतं. पण पाणी आणि चिखल सांभाळायची तयारी हवी.

आता निवड. इंदिरानगर, सिडकोसारख्या दाट वस्तीत, भिंतीला भिंत असेल तर गावठी माद्या पाळा, कोंबडा नको. अंडं घातल्यावरचा कलकलाट पाच-दहा मिनिटांत ओसरतो आणि अंड्यासाठी नर लागत नाही. शेजार पन्नास-साठ फुटांवर असेल तर टर्कीच्या माद्या आणि फार तर एक नर. कोंबड्या आणि टर्की एकत्र ठेवायचा मोह टाळा, आवाजासाठी नव्हे तर रोगासाठी. कोंबड्यांच्या पोटातल्या जंतांमार्फत पसरणारा ब्लॅकहेड नावाचा रोग कोंबड्यांना फारसा त्रास देत नाही, टर्कीला मात्र मारतो. एकाच जागेत आलटून-पालटून ठेवणंही धोक्याचं, कारण त्या जंतांची अंडी मातीत बरीच वर्षं टिकतात.

आणि खरेदी करताना पिल्लं घेऊ नका. लहानपणी नर-मादी ओळखणं अवघड असतं. दहा पिल्लं आणली आणि त्यातले सहा नर निघाले तर वरचा सगळा हिशोब फुकट. पाच-सहा महिन्यांचे पक्षी घ्या, चोचीवरून लोंबणारी मांसल सोंड लांब आणि मानेवरच्या गाठी ठसठशीत असतील तो नर, छातीवर काळ्या केसांचा झुपका फुटला असेल तर तो बहुधा नरच. तरीही खात्री हवी असेल तर विकणाऱ्याच्या दारात मोटरसायकलचा हॉर्न दोनदा वाजवा आणि किती जण उत्तर देतात ते मोजा.