मॉडेलमधली नको असलेली खाच: फीचर काढावं, फेस काढावा, प्लग भरावा की पॅच लावावा?

ग्राहकाकडून मशीनिंग झालेल्या पार्टची स्टेप फाईल (कुठल्याही कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारं थ्रीडी मॉडेल) येते आणि आपल्याला त्यातून ओतायचा पार्ट तयार करायचा असतो. कोल्हापुरात शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत डिझाईनला बसणाऱ्याला हे काम नवं नाही. ड्रिलची भोकं, टॅप, काउंटरबोअर, की-वे, ऑइल ग्रूव्ह असं सगळं त्या मॉडेलमध्ये असतं. वाळूच्या साच्यातून यातलं बहुतेक काही येणार नसतं, ते पुढे मशीनवर होणार असतं. म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, करायच्या आधी हे सगळं बुजवावं लागतं. स्ट्रेस ॲनालिसिस करणाऱ्यांनाही मेश (हिशेबासाठी मॉडेलचे पाडलेले बारीक तुकडे) नीट पडावा म्हणून बारीक भोकं काढावीच लागतात.

बुजवायच्या चार वाटा आहेत. चारही वाटांनी केलेलं काम स्क्रीनवर सारखंच दिसतं, आणि घोळ तिथेच होतो. कुठली वाट घ्यायची हे ठरवताना मी एकच गोष्ट पाहतो: खाच पाडण्याआधी तिथे जो पृष्ठभाग होता, तो फाईलमध्ये अजून आहे का?

हे जरा उलगडून सांगतो. सॉलिड मॉडेलमधल्या प्रत्येक फेसला दोन अंगं असतात. एक खालचा अखंड पृष्ठभाग, म्हणजे प्लेन, सिलिंडर, कोन (शंकू) किंवा मुक्त वक्र. दुसरं म्हणजे त्यातला कुठला भाग धरायचा हे सांगणाऱ्या कडा. सपाट फेसच्या मधोमध भोक पाडलं तर प्लेनला काहीही होत नाही, आत कडांचा एक वेढा तेवढा वाढतो. तो वेढा काढला की मूळ फेस जसाच्या तसा परत मिळतो. खाच फेसच्या काठावरून आरपार गेली असेल, तर शेजारचे फेस वाढवून ते एकमेकांना कुठे भेटतात हे शोधावं लागतं. प्लेन, सिलिंडर आणि कोन हवे तितके वाढवले तरी अचूक राहतात. मुक्त वक्र मात्र वाढवला की त्याच्या मूळ हद्दीबाहेर अंदाज सुरू होतो.

मॉडेल आपलंच असेल तर

फीचर ट्री, म्हणजे मॉडेल कुठल्या पायऱ्यांनी बनलं त्याची यादी, हातात असेल तर दुसरीकडे बघूच नका. ज्या कटमुळे खाच पडली तो कट शोधा आणि सप्रेस (तात्पुरता बंद) करा. डिलीट करू नका. सॉलिडवर्क्समध्ये ‘कास्ट’ आणि ‘मशीन्ड’ अशा दोन कॉन्फिगरेशन ठेवल्या की एकाच फाईलमधून ओतायचा आणि मशीन झालेला असे दोन्ही पार्ट निघतात. ग्राहकाने उद्या भिंतीची जाडी बदलली तर दोन्हींत आपोआप बदल होतो. हा फायदा बाकी तीन वाटांत मिळत नाही.

अडचण एकच येते. त्या कटच्या कडेवर नंतर कोणी फिलेट (गोलाई) दिलेला असतो, त्याच्या तळावर पुढचं स्केच काढलेलं असतं, किंवा तोच कट सॉफ्टवेअरच्या ‘पॅटर्न’ कमांडने सहा ठिकाणी मारलेला असतो. कट सप्रेस केला की हे सगळं त्याच्यासोबत जातं, किंवा लाल होऊन ओरडायला लागतं. म्हणून आधी पॅरेंट-चाइल्ड, म्हणजे कुठलं फीचर कशावर अवलंबून आहे, ते बघा. मशीनिंगची फीचर्स ट्रीच्या शेवटी ठेवायची सवय ज्याला असते, त्याचं हे काम दोन मिनिटांत होतं.

स्टेप फाईल असेल तर: फेस डिलीट

स्टेपमध्ये ट्री येत नाही, एक मुकी बॉडी येते. इथे माझी पहिली पसंती फेस काढून शेजारच्या फेसने जागा भरून घेण्याला आहे. सॉलिडवर्क्समध्ये डिलीट फेस घेऊन ‘डिलीट अँड पॅच’ निवडा. फ्यूजनमध्ये फेस निवडून नुसती डिलीट की दाबली तरी चालते. इन्व्हेंटरमध्ये डिलीट फेसला ‘हील’ची टिक असते, क्रिओच्या फ्लेक्सिबल मॉडेलिंगमध्ये ‘रिमूव्ह’ आहे, कॅटियात ‘रिमूव्ह फेस’, स्पेसक्लेममध्ये ‘फिल’. सीमेन्सने २००८ साली सिंक्रोनस टेक्नॉलॉजी आणली, तेव्हापासून एनएक्स आणि सॉलिड एजमध्ये ही कामं फारच सोपी झाली. एनएक्समध्ये तर ठराविक व्यासापर्यंतची भोकं एकदम निवडता येतात. चाळीस-पन्नास टॅप होल असलेल्या हाउसिंगवर त्याचं मोल कळतं. फुकटात काम करायचं असेल तर फ्रीकॅडच्या पार्ट वर्कबेंचमध्ये ‘डीफीचरिंग’ आहे. त्यातून निघालेली बॉडी मूळ मॉडेलशी जोडलेली राहत नाही, एवढं लक्षात ठेवा.

नावं वेगळी असली तरी आत होतं ते तेच: फेस काढायचा, शेजारचे वाढवायचे, भेट घडवायची. भेटच होत नसेल तर एरर येते. काउंटरबोअरचं भोक घ्या, वर मोठं आणि आत लहान. वरच्या मोठ्या भोकाची फक्त गोल भिंत निवडून डिलीट केली तर काम होणार नाही, कारण वरचा फेस आणि खालची बैठक ही दोन समांतर प्लेन आहेत, ती कितीही वाढवली तरी भेटणार नाहीत. भिंत आणि बैठक दोन्ही निवडली तर आतलं लहान भोक वरपर्यंत वाढतं आणि साधं ड्रिल होल उरतं. पूर्ण भोक बुजवायचं असेल तर तिन्ही फेस घ्या, आणि भोक आरपार नसेल तर तळाचा ड्रिलच्या टोकाचा कोनही घ्या. ‘आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हे चालत नाही’ म्हणणाऱ्यांची फाईल उघडून पाहिली, तर बहुतेकदा हा कोनच निवडायचा राहिलेला असतो.

दुसरी अडचण फिलेटची. रिबवरून किंवा गोलाई दिलेल्या कडेवरून खाच गेली असेल तर आधी चॅम्फर (तिरपी कापलेली कड), मग फिलेट, मग खाच असे एकेक करून काढा आणि शेवटी फिलेट पुन्हा द्या. सगळं एकदम निवडलं की सॉफ्टवेअर गोंधळतं, कधीकधी भलताच आकारही देऊन मोकळं होतं.

ज्या मोठ्या बोअरमध्ये कोअर (पोकळी राखणारा वाळूचा गाभा) बसणार आहे, तो मात्र बुजवायचाच नसतो. तिथे फेस डिलीट न करता आतल्या बाजूला मशीनिंग अलाउन्सएवढा, म्हणजे मशीनवर काढायला ठेवलेल्या जादा धातूएवढा, सरकवा.

प्लग: सगळ्यात सोपा, आणि मला सगळ्यात महाग पडलेला

खाचेच्या कडांवरून स्केच घ्यायचं, एक्स्ट्रूड करायचं, बॉडीत मिसळायचं. नवीन मुलं हेच आधी शिकतात. सपाट, एकमेकांना समांतर भिंतींमध्ये यात काहीच वावगं नाही. प्रश्न येतो तो ड्राफ्टच्या, म्हणजे पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून उतार दिलेल्या, भिंतीवर.

काही वर्षांपूर्वी मी एका हाउसिंगच्या बाहेरच्या भिंतीतली खाच अशीच भरली होती. खाचेची उंची ४० मिमी, भिंतीला १ अंशाचा ड्राफ्ट. खाचेच्या खालच्या कडेतून उभं प्लेन घेतलं, त्यावर स्केच काढलं आणि आतल्या बाजूला एक्स्ट्रूड केलं. खालच्या कडेला प्लग भिंतीशी तंतोतंत जुळला. पण भिंत वर जाता जाता आत झुकत होती आणि प्लग सरळ उभा होता. ४० मिमीला १ अंश म्हणजे वरच्या कडेला सुमारे ०.७ मिमीचा फरक. अख्ख्या हाउसिंगच्या मॉडेलवर ०.७ मिमी डोळ्याला दिसत नाही. पॅटर्न तयार झाला, मोल्डिंगला गेला, आणि काढताना प्रत्येक साच्यात नेमकी त्याच ठिकाणची वाळू घासून निघायला लागली, कारण तेवढ्या पट्ट्याला ड्राफ्टच उरला नव्हता. मोल्डरने पॅटर्नवरून बोट फिरवून ती पायरी मला दाखवली. त्याच्या बोटाला जी पायरी लागली, ती मला स्क्रीनवर तीन दिवस दिसली नव्हती.

प्लगच करायचा असेल तर तो प्लेनवर थांबवू नका. भिंतीच्या फेसची शून्य अंतरावर ऑफसेट सरफेस काढा, तिच्यातली खाच अनट्रिम करून (कापलेल्या कडा काढून) सरफेस अखंड करा आणि एक्स्ट्रूड ‘अप टू सरफेस’ देऊन तिच्यापर्यंत न्या. मग प्लग मूळ भिंतीवरच थांबतो, ड्राफ्टसकट. वक्र फेसवर प्लगचा तुकडा वेगळा फेस म्हणून राहू शकतो, आणि पुढे तिथे फिलेट देताना त्याच्या कडा आडव्या येतात. त्या मिटल्यात का ते पाहा.

पॅच: शेवटचा उपाय

खाचेचे फेस काढून बॉडी उघडी करायची, भगदाडावर सरफेस बसवायची आणि सगळं ‘निट’ करून, म्हणजे एकमेकांना शिवून, पुन्हा सॉलिड करायचं. पंपाच्या व्होल्यूटसारखे वळणदार पृष्ठभाग असतील आणि फेस डिलीट नकार देत असेल, तेव्हा हेच हातात उरतं. इथेही आधी अनट्रिम करून बघा. राइनोमध्ये ‘अनट्रिम होल्स’ आहे, सॉलिडवर्क्समध्ये सरफेसवर ‘डिलीट होल’ आणि ‘अनट्रिम’ आहे. भोक एकाच फेसच्या आत असेल तर मूळ वक्र जसाच्या तसा मिळतो, अंदाज लागत नाही. ‘फिल’ किंवा ‘पॅच’ मात्र कडांवरून नवा पृष्ठभाग तयार करतं. कडेला टँजंट किंवा कर्व्हेचर जुळवायला सांगितलं तरी मधला भाग सॉफ्टवेअरच्या मनाचाच असतो. झेब्रा स्ट्राइप्स (वक्रातले खाचखळगे दाखवणारे काळे-पांढरे पट्टे) लावून बघितल्याशिवाय तो पुढे पाठवू नका.

मॉडेल एसटीएल असेल तर वरचं काहीच लागू नाही. तिथे फेसच नसतात, फक्त त्रिकोण असतात. ग्राहकाकडून स्टेप मागून घ्या.

बुजवल्यावर

कुठल्याही वाटेने गेलात तरी वजन तपासा. हे मी कधीच सोडत नाही. २० मिमी व्यासाचं आणि ३० मिमी लांबीचं आरपार भोक म्हणजे ९.४२ घन सेंटिमीटर. बिडाची घनता घन सेंटिमीटरला ७.२ ग्रॅम धरली तर साधारण ६८ ग्रॅम. अशी चार भोकं बुजवली तर मॉडेलचं वजन २७१ ग्रॅमच्या आसपास वाढलं पाहिजे. ३०० ग्रॅम वाढलं तर कुठेतरी प्लग बाहेर आलाय किंवा शेजारचा फेस नको तिकडे गेलाय. २३० वाढलं तर एखादं भोक अर्धवट राहिलंय. त्यानंतर मूळ स्टेपची बॉडी नव्या बॉडीतून वजा करा. उरलेल्या तुकड्यांत फक्त बुजवलेल्या भोकांच्या आकाराचे ठोकळे दिसले पाहिजेत. त्या हाउसिंगवर मी हे केलं असतं, तर भिंतीबाहेर डोकावणारी ती ०.७ मिमीची पाचर मला तेव्हाच दिसली असती.