जुन्या लडविगच्या रिम्स आणि प्लेटिंगचे काम

माझ्याकडचा लडविग कंपनीचा सुपर क्लासिक ड्रम सेट १९६० च्या दशकातला आहे. त्यात २२ इंची बेस ड्रम, १३ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम आणि १४ इंची सुप्राफोनिक स्नेअर आहे. तो मुंबईत एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवणाऱ्या वादकाच्या घरातून आला. शेल, म्हणजे ड्रमची पोकळ नळकांडी, उत्तम स्थितीत होते, पण समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने रिम्सची दशा केली होती. रिम म्हणजे हेडला (ज्यावर काठी पडते त्या पडद्याला) शेलवर ताणून धरणारी कडी; ती गंजली वा वाकली, तर ड्रम सुरात लागत नाही, आणि लागला तरी टिकत नाही. म्हणून सहा धातूच्या रिम्स मी धातूवर निकेल-क्रोमचा मुलामा चढवणाऱ्या एका लहानशा प्लेटिंग कारखान्यात दिल्या. त्या कामाचे हे परीक्षण.

कारखान्यात जाण्यापूर्वी मी घरी दोन गोष्टी केल्या. प्रत्येक रिमला लोहचुंबक लावून पाहिले, कारण त्या दशकाच्या सुरुवातीच्या काही लडविग रिम्स पितळेच्या असत आणि पितळ व पोलाद यांची पूर्वतयारी वेगळी असते. माझ्या सहाही पोलादी निघाल्या. त्यानंतर ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून गंज घासला. ॲल्युमिनियम रिमवरच्या क्रोमच्या मुलाम्यापेक्षा मऊ असल्यामुळे ओरखडे उठत नाहीत आणि वरवरचा तांबूस थर सहज निघतो. स्नेअरच्या दोन्ही रिम्स एवढ्यानेच लख्ख झाल्या, मात्र टॉम आणि फ्लोअर टॉमच्या चारही रिम्सवर गंजाने पोलादात खड्डे पाडलेले दिसले. असे खड्डे कोणत्याही पॉलिशने भरत नाहीत.

कारखान्याबद्दल माझा आदर पहिल्याच भेटीत वाढला, कारण मालकांनी स्नेअरच्या रिम्स परत केल्या. मूळ प्लेटिंग शाबूत असताना ते उतरवणे म्हणजे चांगली वस्तू बिघडवणे होय, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. काम मिळत असताना ते नाकारणारा कारागीर विरळा. स्नेअरच्या खालच्या रिमला तारांचा पट्टा जाण्यासाठी दोन खाचा असतात आणि नेमकी तशीच जुनी रिम पुन्हा मिळणे कठीण, त्यामुळे हा नकार मला फार मोलाचा वाटला. सुप्राफोनिकच्या शेलला हात लावायलाही त्यांनी नकार दिला, आणि तेही योग्यच, कारण ते शेल ॲल्युमिनियमचे असते, त्यावरील क्रोम पापुद्र्यासारखे सुटते आणि पोलादाची रीत त्याला चालत नाही.

उरलेल्या चार रिम्सचे काम त्यांनी नीट क्रमाने केले. जुने क्रोम आणि निकेल उतरवले, बफच्या (पॉलिशच्या) चाकावर खड्डे शक्य तितके घासून काढले, मग तांब्याचा थर देऊन पुन्हा बफ केले, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम चढवले. क्रोमचा शोभेचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो आणि गंजापासून खरे रक्षण त्याखालचे निकेल करते, हे ग्राहकाने लक्षात ठेवावे. स्वस्तात काम उरकणारे लोक निकेलचा थरच पातळ ठेवतात, आणि मग पहिल्याच पावसाळ्यात तांबूस ठिपके परत येतात.

१३ इंची टॉमची खालची रिम काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवली असता एका बाजूने उचलली जात होती. ती प्लेटिंगच्या आधीच लाकडी हातोड्याने सरळ केली, हे फार महत्त्वाचे होते, कारण क्रोम कठीण आणि ठिसूळ असल्यामुळे नंतर ठोकले असते तर थराला चिरा पडल्या असत्या. परत आणल्यावर मी चारही रिम्स त्याच काचेवर ठेवून पाहिल्या. चारही टेकल्या.

दोन उणिवा मात्र सांगितल्याच पाहिजेत. फ्लोअर टॉमच्या वरच्या रिमवर टेन्शन रॉड (हेड ताणणारे स्क्रू) जाण्याच्या आठ भोकांपैकी तीन भोकांच्या कडा बफच्या चाकाने ओढल्या गेल्या आहेत, त्यामुळे ती भोके किंचित लांबट दिसतात. वायसर बसल्यावर ते झाकले जाते, पण चाकावरच्या हाताने भोकांजवळ सावध राहायला हवे होते. दुसरे म्हणजे दहा दिवसांचे काम चोवीस दिवसांनी मिळाले आणि मधल्या काळात विचारणा मलाच करावी लागली.

रिमच्या आतल्या खोबणीत क्रोमचा निळसर रंग न दिसता निकेलची पिवळसर झाक दिसते. याला मी दोष मानत नाही. क्रोमचा थर खोलगट जागी नीट चढत नाही, हा त्या प्रक्रियेचाच स्वभाव आहे. मात्र तेथेच घाम आणि ओल साठते, म्हणून हेड बसवण्यापूर्वी त्या खोबणीत मेणाचा पातळ हात फिरवावा.

बेस ड्रमच्या दोन्ही रिम्स मेपल लाकडाच्या असल्याने त्या मी घरीच हाताळल्या. पेडलच्या पकडीने चेपलेली जागा ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून बरीचशी वर आली, पण मधल्या शोभेच्या प्लास्टिक पट्टीपासून उष्णता आणि थिनर दोन्ही दूर ठेवावी लागली.

याऐवजी २.३ मिलिमीटर जाडीच्या नव्या रिम्स घ्याव्यात, असा सल्ला मला अनेकांनी दिला होता. त्या भक्कम असतात हे खरे, पण जड रिमने टॉमचा आवाज आवळला जातो आणि या सेटचा मोकळा, पसरणारा नाद हरवतो. मूळ रिम्सवर नवी हेड चढवून १३ इंची टॉम वाजवला, तेव्हा सहाही रॉडपाशी एकच सूर मिळाला. उणिवा धरूनही पुढचा सेट मी याच कारखान्यात देईन, फक्त भोकांभोवती चाक लावू नये, ही सूचना कागदावर लिहून रिमला बांधेन.