लाल भोपळा की बटरनट?

थंडीत अख्खा भोपळा आणायचा, पंधरा-वीस दिवस हॉलमध्ये शोभेला ठेवायचा आणि मग त्याचे घारगे करायचे, असा बेत असेल तर हल्ली ठाण्यात दोन पर्याय आहेत. जांभळी नाक्यावर मिळणारा आपला लाल भोपळा आणि जरा मोठ्या भाजीवाल्यांकडे दिसणारा, लांब मानेचा बटरनट भोपळा. दोघांची जात एकच, शास्त्रीय नाव कुकुर्बिटा मोशाटा. त्यामुळे चवीत जमीन-अस्मानाचा फरक नाही.

भरतासाठी मी लाल भोपळाच आणेन. वाफवला की लगेच मोडतो, दह्यात छान मिसळतो. खसखस-खोबऱ्याच्या वाटणाची बाकरभाजीही त्याचीच खरी. दिसायलाही तोच देखणा; झेंडूच्या तोरणाशेजारी त्याच्या फुगीर फाकांना तोड नाही.

माझं घोडं अडतं ते घारग्यांपाशी. किस गुळाबरोबर शिजायला ठेवला की लाल भोपळा पाणी सोडतच राहतो. आटवून आटवून हात दुखतो, तरी मिश्रण सैलच. मग कणीक वाढवावी लागते आणि जितकी कणीक जास्त, तितके घारगे चिवट. भोपळ्याची चव कुठल्या कुठे जाते. बटरनटची मान घट्ट, बिनबियांची. किसणीवर धरायलाही सोयीची. मिश्रण लवकर आळतं, कणीक बेताची लागते आणि डब्यातला घारगा दुसऱ्या दिवशीही मऊ असतो.

गडद केशरी, पिकलेला लाल भोपळा मिळाला तर तोही त्रास देत नाही, हे मान्य. फोड घेताना रंग पाहता येतो, पण फोड शोभेला कशी ठेवणार? अख्खा घेतला तर आत काय निघेल, ते नशिबावर. बटरनटमध्ये निदान माझ्या अनुभवात असा फरक पडत नाही. किलोला महाग पडतो खरा, पण छोट्या कुटुंबात एका वेळी संपतो, कापलेली अर्धी फोड फ्रिजमध्ये बुळबुळीत होत नाही.

काहीही आणलंत तरी देठ शाबूत असलेलाच घ्या, धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. आपल्याकडच्या दमट हवेत बूड आधी नरम पडतं, म्हणून खाली कापडाची चुंबळ ठेवा आणि अधूनमधून उचलून बघा. बटरनट निवडताना सालीवर हिरव्या रेषा नकोत आणि मान लांब, जाड हवी; घारगे त्या मानेचेच करायचे.