कॅम्पर ट्रेलर आणि ऊन: पाच महिन्यांच्या वापरानंतर

आमचा ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं छोटं घर, आतून जेमतेम चार मीटर लांब, दोन मीटर रुंद. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये इंचभर थर्माकोल, आतून प्लायवूड. गेले पाच महिने आम्ही दोघं बहुतेक दिवस त्यातच राहिलो आणि त्यातला निम्म्याहून जास्त काळ कडक उन्हाचा होता. गारव्यासाठी जे जे घेतलं त्याचा हा हिशेब. आधीच सांगते, सगळं उलट्या क्रमाने घेतलं.

पहिली खरेदी म्हणजे चाकांवरचा पोर्टेबल एसी, एका नळीचा. नळी खिडकीतून बाहेर काढली की झालं, असं वाटलं होतं. प्रत्यक्षात त्याच्या तोंडासमोर बसलं की गार, दोन पावलं मागे सरकलं की भट्टी. आठवडाभर त्याला शिव्या घातल्यावर एकदा दाराखालच्या फटीशी टिश्यू पेपरची पट्टी धरून बघितली, तर ती सरळ आतल्या बाजूला फडफडायला लागली. म्हणजे हे यंत्र खोलीतलीच हवा घेऊन, तापवून बाहेर फेकतं. जेवढी बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत येणारच. आमच्याकडे ती दाराच्या फटीतून, सिंकखालच्या पाइपच्या भोकातून, चाकांवरच्या सांध्यातून यायची. गरम, आणि वर धूळ घेऊन. शिवाय ती तापलेली नळी खोलीतच. दोन नळ्यांच्या मॉडेलमध्ये बाहेरची हवा एका नळीने येते, दुसरीने जाते, त्यामुळे हा घोटाळा बराच कमी होतो. पोर्टेबलच हवा असेल तर तसला बघा. आमचा पहिल्याच महिन्यात ओळखीत देऊन टाकला.

डोळे उघडले ते एका दुपारी तीनच्या सुमाराला. बेडवर आडवं पडून सहज छताला तळवा लावला. इस्त्री बंद करून पाच मिनिटांनी लागावी तशी धग. हात सरकवत गेले तर मध्येच एक चौकोन निराळा, नुसता कोमट. वर काय आहे ते आठवलं: सोलर पॅनल. पत्र्यापासून चार बोटं उंच, खालून वारा खेळणारं.

मग कागद-पेन घेऊन बसले. माथ्यावरचं ऊन चौरस मीटरला साधारण १००० वॅट ओततं. आमचं छत ८ चौरस मीटर, म्हणजे ८ किलोवॅट. सगळं आत येत नाही हे मान्य. काही पत्रा परतवतो, काही वारा नेतो. पण नंतर घेतलेला छोटा एसी ५००० बीटीयूचा, म्हणजे जेमतेम दीड किलोवॅट उष्णता उपसणारा. भोक पडलेल्या होडीतून वाटीने पाणी काढायचा प्रकार.

म्हणून शेडनेट. छताच्या वर वीतभर मोकळी जागा सोडून ताणलं, पश्चिमेकडची भिंत झाकेल इतकं खाली सोडलं. बाहेर ३६ अंश असताना आत आमचा थर्मामीटर ४३ दाखवायचा. नेट लावल्यावर तशाच दुपारी ३८ वर थांबला, तेही कुठलंही यंत्र न लावता. पत्र्याला चिकटून टाकलं तर मात्र फारसा उपयोग नाही, मधली हवा वाहती हवी. सोलर पॅनल तेवढं झाकू नका, त्याच्यापुरतं नेट दुमडून घ्या. पहिलं नेट मी सुतळीने घट्ट बांधलं होतं, एका वादळी रात्री नेटच्या कडेच्या तीन आयलेट, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, उपटून आल्या. आता रबरी दोऱ्या वापरते, वारा आला की ताणतात आणि परत येतात.

खिडक्यांचंही तेच. चंदेरी फोमशीट आधी आतून लावली होती. ऊन खिडकी ओलांडून आलेलंच असायचं; उष्णता शीट आणि खिडकीच्या मध्ये अडकून खिडकीचं ॲक्रिलिक (काचेसारखं प्लास्टिक) इतकं तापायचं की वाकेल अशी भीती वाटायची. तीच शीट बाहेरून वेल्क्रोने लावली आणि फरक लगेच जाणवला. सक्शन कपच्या नादी लागू नका, उन्हात टपाटप गळतात.

छतातला बारा व्होल्टचा पंखा ही माझी सगळ्यात आवडती वस्तू. हवा बाहेर फेकायच्या दिशेने लावायचा आणि सगळ्या खिडक्या नाही, फक्त बेडच्या उशाची एक अर्धी उघडायची. सगळा वारा त्याच वाटेने अंगावरून जातो. कमी वेगावर एक अँपिअरसुद्धा खात नाही, त्यामुळे रात्रभरात बॅटरीला पत्ताही लागत नाही. दुपारी मात्र त्याच्याकडून अपेक्षा नको. बाहेरचीच हवा तापलेली असते. पाण्याचा छोटा कूलरही आणून पाहिला. कोरड्या हवेत छान, दमटात नुसता चिकचिकाट.

शेवटी खिडकीचा छोटा एसी, मागच्या भिंतीत खाच पाडून बसवला. गरम पाठ पूर्ण बाहेर राहील एवढं पाहा. कपाटात कोंबलात तर तो स्वतःचीच गरम हवा गिळत बसेल. मोठा घ्यायचा मोह होतो, पण मोठा झटकन गार करून बंद पडतो आणि हवेतली ओल तशीच राहते. आमचा सतत घरघरतो, पण अंथरूण कोरडं असतं. वीज साधारण ५०० वॅट. आमच्या १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीवर, निम्मीच वापरायची म्हटलं तर तासभर, म्हणून तो फक्त बाहेरची वीज मिळते तिथे. तिथेही एकदा एक्स्टेन्शनची वायर रिळावर गुंडाळलेलीच ठेवली आणि रीळ चांगलंच गरम झालं. तेव्हापासून पूर्ण उलगडते.

गॅसची शेगडीही आता बाहेर मांडतो. उष्णता तर आहेच, पण गॅस जळताना वाफही सुटते हे मला आधी माहीत नव्हतं.

तक्रार एकच: नेट लावायला दोघांना पाऊण तास लागतो. एका रात्रीचा मुक्काम असला की दोघंही टाळाटाळ करतो, आणि दुसऱ्या दिवशी निघायला उशीर झाला की दुपारी दोनला छताला हात लावून एकमेकांकडे बघत बसतो.